पेस्टलमध्ये समुद्रकिनाऱ्यावरची माणसं: इम्प्रेशनिस्ट पद्धतीनं चित्र कसं काढावं

किनाऱ्यावरच्या माणसांचं इम्प्रेशनिस्ट (म्हणजे तपशील गाळून क्षणाचा उजेड मोकळ्या फटकाऱ्यांत पकडणारं) चित्र लांबून पाहिलं की वाटतं, पाच-दहा फटकारे मारले की माणूस उभा राहतो. स्वतः काढायला बसलं की लक्षात येतं, फटकारे मोजके आहेत म्हणूनच प्रत्येकाची जागा नेमकी असावी लागते. नाक-डोळे गाळले तरी काही बिघडत नाही. क्षितिजाच्या मानानं माणसाची उंची चुकली किंवा उजेड आणि सावलीची पायरी चुकली, तर मात्र पुढे कितीही रंग घातला तरी तो माणूस वाळूवर उभा राहत नाही, अधांतरी तरंगतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

चित्राचा आकार साधारण ३० × २२ सेंटीमीटर धरला आहे, आडवा. नमुना म्हणून डोळ्यांसमोर आहे तो १८६०-७० च्या दशकातला उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा किनारा. पॅरिसहून त्रूव्हील-दोव्हीलपर्यंत रेल्वे १८६३ मध्ये पोचली आणि शहरातली हौशी मंडळी घेरदार झगे, टोप्या, छत्र्या आणि खुर्च्या घेऊन वाळूवर येऊ लागली. चित्रकार युजेन बूदँ त्याआधी एक वर्षापासूनच त्यांची चित्रं काढत होता. क्लोद मोनेनं १८७० च्या उन्हाळ्यात त्रूव्हीलला किनाऱ्यावर बसून चित्रं केली, एदुआर मानेनं १८७३ मध्ये उत्तर फ्रान्समधल्याच बेर्कच्या किनाऱ्यावर. या तिघांची चित्रं शेजारी ठेवून नीट पाहणं हा सरावाचा पहिला भाग समजा. बूदँकडून माणसांचा घोळका कसा बांधायचा ते कळतं, मोनेकडून ऊन, आणि मानेकडून क्षितिज वर ढकललं की काय होतं ते.

सामान

कागद रंगीत घ्या, पांढरा नको. पांढऱ्या कागदावर मधली छटासुद्धा (छटा म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद ते) गडद भासते, त्यामुळे हात आखडतो आणि सगळं चित्र फिकट होतं. शिवाय फटकाऱ्यांच्या मधून डोकावणारा पांढरा कागद भर उन्हातल्या पोशाखापेक्षा जास्त चमकतो. वाळूच्या सावलीचा रंग असतो तसा उबदार राखाडी किंवा मळकट पिवळसर, मध्यम छटेचा कागद सर्वांत सोयीचा. १६० ग्रॅमचा कॅन्सन मी-तँत चालतो. त्याच्या एका बाजूला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू बारीक दाण्याची असते (दाणा म्हणजे रंगाची भुकटी धरून ठेवणारा कागदाचा खडबडीतपणा). आपली माणसं फार तर सात सेंटीमीटरची असणार, त्यामुळे बारीक दाण्याची बाजू वापरा. जाळीच्या बाजूवर चेहऱ्याच्या जागी ठिपकेच दिसतात.

कागदाखाली तीन-चार साधे कागद गादीसारखे ठेवून मग फळीला चिकटपट्टीनं लावा. फळी थेट खाली असली तर लाकडाची प्रत्येक रेघ पेस्टलमधून वर येते आणि मऊ कांडी दाबाखाली तुटते.

कांड्यांचे दोन प्रकार लागतात. कडक पेस्टल सुरुवातीच्या थरांसाठी, मऊ पेस्टल शेवटच्या उजेडासाठी. उलट क्रमानं गेलात तर मऊ पेस्टलची भुकटी कागदाचा दाणा भरून टाकते आणि वरून कडक कांडी नुसती घसरते. ऑइल पेस्टल यांत मिसळू नका, त्यावर कोरडं पेस्टल धरत नाही. वीसेक कांड्यांत सगळं भागतं:

- आकाशासाठी फिकट निळा, राखाडी-जांभळा, साय-पांढरा आणि अगदी फिकट पिवळा
- समुद्रासाठी राखाडी-हिरवा, मंद निळा, गडद निळा-हिरवा
- वाळूसाठी फिकट गेरू, गुलाबीसर राखाडी, तपकिरी-राखाडी
- माणसांसाठी गडद निळा, गडद तपकिरी, मंद जांभळा, निळसर राखाडी, त्वचेचे दोन (उन्हातला आणि सावलीतला), गुलाबी, शेंदरी-लाल आणि शुद्ध पांढरा

काळी कांडीही जवळ असू द्या. इम्प्रेशनिस्ट काळा वापरतच नसत असं सांगितलं जातं, पण १८७० पर्यंत ही मंडळी तो बिनधास्त वापरत होती. मोनेच्या ‘त्रूव्हीलचा किनारा’ या १८७० च्या चित्रात उजवीकडची स्त्री काळ्याच पोशाखात आहे. फक्त सावलीसाठी काळा वापरू नका. काळी वस्तू असेल तिथेच लावा.

याशिवाय वेलीच्या कोळशाची बारीक कांडी, मळून घेता येणारा खोडरबर, चार ते सहा नंबरचा राठ केसांचा ब्रश, गडद तपकिरी आणि गडद निळी अशा दोन पेस्टल पेन्सिली, फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा). रंग पसरवायची कागदी सुरळी आणूच नका. हातात असली की वापरली जाते, आणि घासून गुळगुळीत केलेली वाळू मेणासारखी दिसते.

नव्या कांड्या आधी तोडा. दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे हवेत. तुकडा आडवा धरून ओढला की पट्टा येतो, कोपऱ्यानं टेकवला की ठिपका, कडेनं ओढला की धार. संपूर्ण चित्र या तीन हालचालींवर होतं. अख्खी कांडी हातात असली की माणूस पेन्सिलीसारखी पकडतो आणि कडा गिरवायला लागतो.

पेस्टलची धूळ फुंकू नका. फळी उभी धरून मागून टिचकी मारा आणि खालची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. काही रंगांत कॅडमियमसारखे धातू असतात, म्हणून काम करताना खाणं-पिणं टाळा आणि बंद खोलीत असाल तर मास्क लावा.

क्षितिज आणि माणसाची उंची

सपाट किनाऱ्यावर एक नियम पक्का आहे. तुमचा डोळा जमिनीपासून जितका उंच, तितक्याच उंचीवर क्षितिजाची रेघ प्रत्येक माणसाला कापते, मग तो दहा पावलांवर असो की दोनशे पावलांवर. उभं राहून चित्र काढलं तर साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे क्षितिजावर येतात. जवळच्यांचे पाय खूप खाली आणि लांबच्यांचे थोडे खाली, एवढाच फरक. हा नियम माहीत नसला की लांबची माणसं लहान करून कागदावर कुठेही ठेवली जातात. मग कुणी खड्ड्यात दिसतो, कुणी टेकडीवर.

बुटक्या स्टुलावर बसलात तर डोळा साधारण १.२ मीटरवर येतो. उभा प्रौढ माणूस १.६५ मीटरचा धरा. १.६५ भागिले १.२ म्हणजे जवळपास १.४. आता हिशेब सोपा: माणसाचे पाय क्षितिजाच्या जितके खाली, त्याच्या १.४ पट त्याची एकूण उंची. पाय ५ सेंटीमीटर खाली असतील तर माणूस ७ सेंटीमीटरचा, म्हणजे दोन सेंटीमीटर क्षितिजाच्या वर. पाय ३ सेंटीमीटर खाली असतील तर ४.२. एकच सेंटीमीटर खाली असतील तर १.४, म्हणजे जेमतेम एक ठिपका आणि त्याखाली एक रेघ. सुरुवातीला कागदाच्या कडेला हे तीन माप लिहून ठेवा. घोळका काढताना हमखास उपयोगी पडतात.

बसलेल्यांसाठी: खुर्चीवरच्या प्रौढाचं डोकं उभ्या माणसाच्या उंचीच्या साधारण चार-पंचमांशावर येतं, वाळूवर बसलेल्याचं अर्ध्याहून जरा वर. सहा-सात वर्षांचं मूल प्रौढाच्या सत्तर टक्के. खुर्चीवर बसलेल्यांना फार ठेंगणं काढण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात.

एक अपवाद सांभाळा. किनारा पाण्याकडे उतरता असतो. पाण्याच्या कडेला उभी असलेली माणसं तुमच्यापेक्षा खाली असतात, म्हणून त्यांची डोकी नियमापेक्षा थोडी खाली येतात. उतार जास्त असेल तर हा फरक चांगलाच दिसतो, आणि तो दाखवला की वाळू खरोखर उतरल्यासारखी वाटते. बंधाऱ्यावरून किंवा फलाटावरून पाहत असाल तर सगळ्यांचीच डोकी क्षितिजाच्या खाली जातात.

क्षितिज कुठे घ्यायचं हा निर्णय चित्राचा स्वभाव ठरवतो. बूदँच्या बहुतेक किनारा-चित्रांत माणसं खालच्या भागात अरुंद पट्ट्यासारखी असतात आणि वर आकाशच आकाश. हा बेत नवशिक्याला सोपा पडतो, कारण माणसं लहान राहतात आणि उभ्या माणसांची डोकी उजळ आकाशासमोर स्वच्छ दिसतात. आपल्या कागदावर क्षितिज तळापासून ८ सेंटीमीटरवर घ्या. मानेनं बेर्कच्या चित्रात उलट केलं: क्षितिज पार वर, पुढे वाळूवर बसलेल्या दोन मोठ्या आकृती आणि त्यांच्यामागे वाळू-समुद्राची भिंत. तिथे आकृतीचा आकार फार जोरकस लागतो. पहिल्या काही चित्रांत तो बेत घेऊ नका.

क्षितिज पट्टीनं आखून घ्यायला हरकत नाही. किंचित तिरकं क्षितिज कुठलाही रंग लपवू शकत नाही.

कोळशानं मांडणी

कोळशानं फक्त तीन गोष्टी काढा: क्षितिज, पाण्याची कड आणि घोळक्याचा बाह्याकार. माणसं एकेक काढू नका. आठ माणसं असतील तर त्यांचे दोन किंवा तीन पुंजके करा, एक मोठा, एक लहान, एखादा माणूस सुटा. पुंजक्यातली माणसं एकमेकांना झाकू द्या. घेरदार झगे, खुर्च्यांच्या पाठी आणि जमिनीवरच्या सावल्या मिळून एकच गडद आकार झाला पाहिजे. वर मात्र डोकी वेगवेगळ्या उंचीची आणि त्यांच्यामधल्या फटी असमान. समान अंतरावर उभी केलेली माणसं कुंपणाच्या खांबांसारखी दिसतात, आणि हे पुढच्या पायरीवर दुरुस्त होत नाही.

मोनेच्या त्या चित्रात डावीकडे पांढऱ्या पोशाखातली मोनेची बायको कमीय आणि उजवीकडे काळ्या पोशाखातली स्त्री, यांच्या मधोमध एक रिकामी खुर्ची आहे. दोन आकारांमधली ती जागा किती काम करते पाहा. मांडणी करताना अशी एक तरी मोकळी जागा मुद्दाम ठेवा.

उन्हाची दिशा आत्ताच ठरवा आणि कडेला बाण काढा. त्रूव्हीलचा किनारा वायव्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे समुद्राकडे पाहत बसलं तर दुपारनंतर ऊन डावीकडून येतं आणि सावल्या उजवीकडे पडतात. प्रत्यक्ष जागेवर बसला असाल तर सावल्या पहिल्या दहा मिनिटांत खूण करून टाका आणि नंतर बदलू नका. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो; दीड तासानं पुंजक्यातल्या एका माणसाची सावली एकीकडे आणि दुसऱ्याची भलतीकडे झालेली असते. दोन तासांच्या पुढे त्याच चित्रावर जागेवर बसू नका.

वाऱ्याचाही बाण काढा. बूदँ आपल्या अभ्यासचित्रांवर तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवत असे, आणि १८५९ मध्ये ती पेस्टलं पाहून कवी बोदलेर भारावून गेला होता. झेंडे, टोपीच्या फिती, झग्याची कड, छत्रीचा कल, लाटांचा फेस या सगळ्यांनी एकच वारा मानला पाहिजे. हे पाळलं की वेगवेगळ्या पुंजक्यांतली माणसं एकाच हवेत आहेत हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

कोळसा झाला की ब्रशनं हलका झटका. फिकट खूण उरली पाहिजे. जाड कोळसा राहिला तर फिकट रंगात मिसळून आकाश मळकट करतो.

आकाश, पाणी, वाळू

आकाशापासून सुरुवात करा, कारण सगळ्या छटा त्याच्याशी तोलायच्या आहेत. तुकडा आडवा धरून हलक्या हातानं, तिरक्या पट्ट्यांनी. वर थोडा निळा, क्षितिजाकडे साय-पांढरा आणि फिकट पिवळा. ढगांच्या पोटाला राखाडी-जांभळा. निम्मा कागद दिसत राहू द्या. कागदाचा उबदार रंग निळ्याच्या मधून आला की आकाश थरथरतं. बोटानं पसरवायचंच असेल तर ते फक्त आकाशाच्या पहिल्या थरात.

समुद्राला थोडक्यात उरका. क्षितिजालगत एक गडद निळा-हिरवा आडवा पट्टा, पुढे राखाडी-हिरवा, किनाऱ्याजवळ वाळूचा रंग मिसळलेला. सगळे फटकारे आडवे. फेसासाठी कागद कोरा सोडा आणि पांढरा शेवटी. समुद्रात रमलात की माणसांसाठी जोर उरत नाही.

वाळू कोरडी आणि ओली अशी दोन वेगळ्या पद्धतींनी करायची. कोरडी वाळू उजळ, मंद, सगळीकडे साधारण सारखी. फिकट गेरू आणि गुलाबीसर राखाडी एकमेकांवर, न घासता. ओली वाळू गडद असते, पण आरशासारखं आकाश दाखवते, म्हणून तिथे तपकिरी-राखाडीवर आकाशाचाच निळा आडव्या फटकाऱ्यांनी द्या. ओल्या वाळूवर उभ्या असलेल्या माणसाच्या खाली दोन गोष्टी असतात आणि त्यांची गल्लत फार होते. प्रतिबिंब पायांपासून सरळ खाली, तुमच्या दिशेनं येतं. सावली उन्हाच्या उलट बाजूला, तिरकी जाते. पेस्टलमध्ये प्रतिबिंबाचे फटकारे उभे आणि सावलीचे आडवे ठेवा, म्हणजे दोन्ही वेगळे वाचले जातात.

इथे थांबून डोळे बारीक करून पाहा, किंवा फोनवर कृष्णधवल फोटो काढा. आकाश सर्वांत उजळ, मग कोरडी वाळू, मग समुद्र. माणसांसाठी दोन्ही टोकं शिल्लक हवीत: आकाशाहून उजळ एक पांढरा आणि समुद्राहून गडद एक निळा. आत्ताच वाळू सर्वांत उजळ झाली असेल तर पांढरा पोशाख तिच्यावर दिसणारच नाही. राठ ब्रशनं वाळूचा वरचा थर झटकून काढा आणि एक पायरी खाली आणा.

माणसं

पुंजक्याचं काम नेहमी सावलीकडून सुरू करा. मंद जांभळा आणि निळसर राखाडी घेऊन सगळ्या माणसांच्या सावलीच्या बाजू आणि त्यांच्या जमिनीवरच्या सावल्या एकाच दमात, एकमेकांत मिसळलेल्या लावा. पोशाख कोणत्या रंगाचा, टोपी कोणाची, हे अजून ठरवायचं नाही. या क्षणी पुंजका दुरून माणसांचा वाटला पाहिजे. वाटत नसेल तर बाह्याकार चुकला आहे आणि तपशील घालून तो सुधारणार नाही.

सावली जांभळट का? उन्हातली वाळू पिवळसर असते. तिच्या शेजारचा राखाडी डोळ्याला आपोआप जांभळ्याकडे झुकलेला दिसतो. शेजारचे रंग एकमेकांना कसे बदलतात यावर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरलनं १८३९ मध्येच सविस्तर लिहिलं होतं. शिवाय सावलीत ऊन नसतं, पण निळ्या आकाशाचा उजेड असतोच. ढगाळ दिवशी ही दोन्ही कारणं क्षीण होतात, तेव्हा सावल्या राखाडी आणि मऊ ठेवा. ढगाळ आकाशाखाली गर्द जांभळ्या सावल्या खोट्या दिसतात.

आता एक आकृती जवळून पाहू: घेरदार झग्यातली, छत्री घेतलेली स्त्री, ७ सेंटीमीटर उंच, ऊन डावीकडून.

डोकं उंचीच्या सात ते साडेसात भागांपैकी एक, म्हणजे साधारण ९ ते १० मिलीमीटर. यापेक्षा मोठं झालं की बाई बाहुली होते; शंकेच्या वेळी लहानच ठेवा. कंबर वरून अडीच ते पावणेतीन सेंटीमीटरवर. झग्याचा खालचा घेर चार-साडेचार सेंटीमीटर. निळसर राखाडीचा तुकडा आडवा धरून कंबरेपासून उजवीकडे खाली एकच ओढ घ्या, खाली येताना दाब कमी करा. झाली झग्याची सावलीची बाजू. गडद निळ्याच्या कोपऱ्यानं जाकिटाचा छोटा त्रिकोण, खांदा डावीकडे थोडा झुकलेला. डोक्याच्या जागी सावलीतल्या त्वचेचा एकच ठिपका, त्यावर गडद तपकिरी टोपी. तिचा काठ चेहऱ्याच्या वरच्या अर्ध्या भागाला झाकतो, म्हणून डोळ्यांचा प्रश्नच येत नाही.

मग छत्री. ती लंबवर्तुळ दिसत नाही, तिरकी टोपली दिसते. ऊन ज्या बाजूनं येतं तिकडे कललेली. बाहेरचा वरचा भाग उजळ, आतला सावलीत. फिकट कापडाची छत्री असेल तर ऊन कापडातून झिरपतं, त्यामुळे आतली बाजू गडद करू नका, उबदार पिवळसर-गुलाबी द्या. छत्रीखालच्या चेहऱ्यावर थेट ऊन नाही, पण खालून वाळूचा उजेड हनुवटीवर आणि टोपीच्या काठाखाली येतो. तिथे गुलाबीचा एक हलका स्पर्श पुरेसा. छत्रीचा दांडा एका रेघेत, आणि मध्ये तुटलेला चालतो. पूर्ण सलग गडद दांडा सगळं लक्ष खाऊन टाकतो.

शेवटी ऊन. साय-पांढऱ्या मऊ पेस्टलनं झग्याच्या डाव्या बाजूला कंबरेपासून खाली पसरत जाणारे तीन फटकारे, प्रत्येक वेगळ्या लांबीचा. दोन फटकाऱ्यांच्या मध्ये खालची सावली दिसू द्या, त्याच घड्या. डाव्या खांद्यावर एक ठिपका, छत्रीच्या कडेवर एक धार. या आकृतीला एवढे हात लागले की पुढे जा. तिच्याकडे परत यायचं ते सगळी माणसं झाल्यावर.

पांढरा पोशाख हा या चित्राचा कणा आहे आणि बहुतेक चित्रं तिथेच फसतात. उन्हातला पांढरा म्हणजे किंचित पिवळसर साय. सावलीतला पांढरा म्हणजे फिकट निळा-जांभळा, आणि तो उन्हातल्या वाळूपेक्षा गडद असतो. डोकं म्हणतं झगा पांढरा आहे, म्हणून हात सावलीची बाजूही उजळ करतो, आणि झगा कागदाच्या चिटोऱ्यासारखा सपाट होतो. वाळूचा तुकडा आणि झग्याची सावलीची बाजू यांच्यावर एका कागदाला दोन भोकं पाडून ठेवा आणि दोन्ही रंग शेजारी पाहा. कोण गडद आहे ते लगेच कळतं. शुद्ध पांढरा संपूर्ण चित्रात तीन-चार जागीच, भर उन्हात असलेल्या कापडाच्या घडीवर किंवा छत्रीच्या कडेवर.

लांबच्या माणसांना पाय नसतातच असं समजा. दीड सेंटीमीटरच्या आकृतीत वर गडद ठिपका, खाली निमुळता किंवा पसरणारा पट्टा, आणि वाळूवर सावलीची छोटी आडवी रेघ. ती रेघ नसेल तर माणूस हवेत राहतो. लांबच्यांत गडद रंगही फिका आणि निळसर करा. पुढच्या पुंजक्याइतका गडद निळा मागे वापरला की मागची माणसं पुढे उडी मारतात.

रंगाचा ठसका एकाच जागी. शेंदरी फीत, लाल शाल, खुर्चीवरचं वस्त्र, काहीही. त्याचा अगदी मंद प्रतिध्वनी लांब कुठेतरी गुलाबीत. चार लाल ठिपके चार कोपऱ्यांत टाकले की डोळा त्यांच्यामागेच धावतो.

कडा सगळ्या सारख्या करू नका. उन्हाच्या बाजूची कड जिथे गडद समुद्रावर येते तिथे धारदार, सावलीच्या बाजूची कड जिथे दुसऱ्याच्या सावलीला मिळते तिथे हरवलेली. गडद निळी पेन्सिल आता हातात घ्या, पण फक्त पाच-सहा जागांसाठी: टोपीखालची फट, खुर्चीचा पाय, दोन माणसांमधला कोपरा. बाह्यरेषा काढायला घेतलीत तर इतका वेळ साठवलेलं ऊन एका मिनिटात जातं.

बिघडलं तर

रंग धरेनासा झाला, कांडी घसरायला लागली: दाणा भरला आहे, बहुधा तीन-चार थरांनंतर. त्या जागेवर राठ ब्रश फिरवून भुकटी काढा, मळलेल्या खोडरबरानं टिपून घ्या (घासू नका), मग सुमारे ३० सेंटीमीटरवरून फिक्सेटिव्हचा अगदी हलका फवारा, पूर्ण वाळू द्या, आणि पुन्हा काम. फ्रेंच चित्रकार देगा थरांच्या मध्ये फिक्सेटिव्ह मारूनच एकावर एक रंग चढवत असे.

माणसं वाळूत चिकटवल्यासारखी दिसतात: पायांजवळची सावली पायांना स्पर्श करत नाही, किंवा झग्याची खालची कड फार धारदार आहे. वाळूच्या रंगाचा तुकडा घेऊन झग्याच्या कडेवरून एक-दोन जागी ओढून घ्या.

सगळं मळकट: तीन-चार रंग एकावर एक घासले गेले आहेत. झाकायचा प्रयत्न करू नका, त्या जागेपुरतं ब्रशनं कागदापर्यंत खाली जा आणि एकाच स्वच्छ रंगानं पुन्हा भरा.

घोळका सपाट: बहुतेक वेळा माणसांमध्ये खरा गडद नाही. पुढच्या पुंजक्यात दोन जागी गडद निळा दाबून लावा आणि मग ठरवा.

चेहरा काढायचा मोह झाला तर मोनेच्या त्या त्रूव्हीलच्या चित्रात कमीयचा चेहरा मोठा करून पाहा. चित्र अर्ध्या मीटरपेक्षा लहान, ती अगदी पुढे बसलेली, तरी चेहरा म्हणजे सावलीचे आणि उजेडाचे काही फटकारेच. त्या चित्राच्या रंगात वाळूचे खरे कण अडकलेले सापडले आहेत, म्हणजे ते वाऱ्यात, किनाऱ्यावर झालं आहे. याउलट देगाचं किनाऱ्यावरच्या मुलीचे केस विंचरणाऱ्या दाईचं चित्र स्टुडिओत केलेलं आहे. घरी बसून, फोटोंवरून आणि जागेवरच्या टिपणांवरून काम करण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त वेगवेगळ्या फोटोंतली माणसं एकत्र आणताना उन्हाची दिशा आणि डोळ्याची उंची एक करून घ्या. माणूस उभा राहून काढलेल्या फोटोतून उचललेला आणि क्षितिज बसून काढलेल्या फोटोतलं, ही चूक सर्वांत जास्त होते.

झाल्यावर

पूर्ण चित्रावर शेवटचा फिक्सेटिव्ह मारला की उजळ रंग विझतात, सर्वांत जास्त पांढरे. म्हणून मारायचाच असेल तर शेवटचे पांढरे आणि लाल फटकारे त्यानंतर द्या आणि ते तसेच राहू द्या. फवारा चित्राच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवा. नाहीतर पहिला थेंब नेमका आकाशात पडतो.

ठेवताना वर ग्लासिन कागद (भुकटी न चिकटणारा पातळ, गुळगुळीत कागद) आणि फळ्यांच्या मध्ये सपाट. गुंडाळू नका. काचेत लावताना चित्र आणि काच यांच्यात माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) किंवा पट्टीनं तीन-चार मिलीमीटर तरी अंतर ठेवा, आणि ॲक्रिलिकऐवजी काचच घ्या. ॲक्रिलिकमध्ये स्थिर वीज साठते आणि ती चित्रावरची भुकटी हळूहळू आपल्याकडे ओढून घेते.